अच्युत कानविंदे आणि बाहेर थांबलेला माणूस



आजचा विषय एका वास्तुविशारदाचा आहे. नरखेडला येऊन असा विषय घेतो म्हटल्यावर संयोजकांपैकी एकानं आम्हाला फोनवर विचारलं, "सर, वास्तुशास्त्र म्हणजे स्वयंपाकघर आग्नेयेला पाहिजे, तेच नं?" (हशा) ते नव्हे. आग्नेय-ईशान्य सांगणारे पुष्कळ आहेत, त्यांचं बरं चाललं आहे. आपण बोलणार आहोत सार्वजनिक इमारतींबद्दल, म्हणजे ज्या कोणा एकाच्या मालकीच्या नसतात आणि ज्यांत आयुष्यात कधी ना कधी आपल्या प्रत्येकाला जावंच लागतं: शाळा, कचेरी, दवाखाना, कोर्ट, ग्रंथालय. आणि अशा इमारती ज्यानं आयुष्यभर बांधल्या अशा एका मराठी माणसाबद्दल, अच्युत पुरुषोत्तम कानविंदे यांच्याबद्दल.

हे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय ते आम्ही विचारत नाही. पुण्या-मुंबईतही सभागृहात विचारलं तर चार-दोन हात वर होतात, आणि ते बहुधा आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांचे असतात. हे असं का व्हावं? आपल्याकडे सौंदर्यशास्त्राची चर्चा काही कमी झालेली नाही. मर्ढेकरांनी संवाद, विरोध, समतोल ही लयीची तत्त्वं मांडली. आपल्या नागपूरचे सुरेंद्र बारलिंगे यांनी 'सौंदर्याचे व्याकरण' लिहिलं. रा. भा. पाटणकरांची 'सौंदर्यमीमांसा' १९७४ साली आली, त्यावर आम्ही पंचवीस-तीस वर्षं वर्गात बोललो. पण या सगळ्या चर्चेत उदाहरणं येतात ती कवितेची, नाटकाची, फार तर चित्राची आणि रागसंगीताची. इमारत येते ती ताजमहालापुरती. तालुक्याच्या ट्रेझरी ऑफिसचं सौंदर्यशास्त्र कोणी लिहिलं नाही. आणि खरं सांगायचं तर सौंदर्यविचाराची खरी परीक्षा तिथंच आहे. पाटणकर म्हणतात की कलेच्या विचाराला दोन टोकं आहेत, एक लौकिकतावादी आणि दुसरं अलौकिकतावादी, आणि आपण या दोन टोकांमध्ये हेलकावत राहतो. कवितेच्या बाबतीत अलौकिक टोकाला जाऊन बसणं परवडतं. इमारतीच्या बाबतीत परवडत नाही. छत गळत असेल तर तिची लय कितीही शुद्ध असो, खाली बादलीच ठेवावी लागते.

तर कानविंदे. जन्म १९१६ चा, कोकणातल्या आचऱ्याचा. आज ते सिंधुदुर्ग जिल्ह्यात येतं. वडील चित्रकार, मुंबईत कलाशिक्षक. आई फार लवकर गेली. १९३५ च्या सुमाराला ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूलमध्ये वास्तुकला शिकायला गेले. तिथं प्रमुख होते क्लॉड बॅटली नावाचे इंग्रज गृहस्थ. या बॅटलींची शिकवण्याची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. ते विद्यार्थ्यांना जुन्या वाड्यांपुढे, देवळांपुढे, मशिदींपुढे उभं करत आणि टेप लावून मोजायला सांगत. खांब किती जाड, ओसरी किती खोल, छज्जा किती पुढं आला, त्याची सावली दुपारी कुठवर पडते. म्हणजे आधी मोजा, मग बोला. तत्त्वज्ञानाच्या वर्गातही ही शिस्त असती तर आमचे पुष्कळ निबंध निम्मे झाले असते.

१९४३ मध्ये ते वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेत, म्हणजे सीएसआयआरमध्ये लागले. परिषद तेव्हा वर्षभराची होती. शांतिस्वरूप भटनागर तिचे प्रमुख. देशभर प्रयोगशाळा उभ्या करायच्या होत्या आणि प्रयोगशाळा म्हणजे नेमकी कशी इमारत, हे इथं फारसं कोणाला माहीत नव्हतं. (आपल्या नागपूरची नीरी ही याच परिषदेची पुढची अपत्य.) मग १९४५ मध्ये सरकारनं या तरुणाला अमेरिकेला पाठवलं, हार्वर्डला, वॉल्टर ग्रोपिअसकडे.

ग्रोपिअस म्हणजे १९१९ मध्ये जर्मनीत बाउहाउस ही शाळा काढणारा माणूस. हिटलर आल्यावर तो देश सोडून गेला आणि १९३७ पासून हार्वर्डला शिकवत होता. त्याचा विचार थोडक्यात असा: प्रत्येक इमारत हा एक प्रश्न आहे, त्याची उकल बुद्धीनं करायची. जुन्या शैलीची नक्कल करून उकल होत नाही. लोखंड, काच, काँक्रीट ही आपल्या काळाची सामग्री आहे, ती लपवायची नाही. इतिहास शिकवण्यावर त्याचा भर नव्हता. म्हणजे बॅटली म्हणत होते जुनं मोजा, आणि ग्रोपिअस म्हणत होता जुनं बाजूला ठेवा. एकाच विद्यार्थ्याच्या डोक्यात हे दोन गुरू. आमच्या मते कानविंदे यांच्या पुढच्या पन्नास वर्षांचं काम म्हणजे या दोघांमधलं भांडण आहे. ते भांडण मिटलं नाही, हे चांगलंच झालं.

इथं एक योगायोग सांगून ठेवतो, पुढं कामी येईल. कानविंदे हार्वर्डला होते त्याच सुमाराला त्याच केंब्रिज गावात, दोन-तीन किलोमीटरवर एमआयटीमध्ये, फिनलंडचा अल्वार आल्टो अभ्यागत प्राध्यापक म्हणून येत होता आणि विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहाचा आराखडा करत होता. नदीकाठची ती इमारत सरळ रेषेत नाही, नागासारखी वळत जाते, कारण त्यामुळे जास्त खोल्यांना नदी तिरपी दिसते. साध्या विटांची आहे. ग्रोपिअसच्या वर्गातल्या कोणाला ती त्या वेळी 'आधुनिक' वाटली असेल का, आम्हाला शंका आहे.

परत आल्यावर अहमदाबादला विक्रम साराभाईंनी कापडगिरण्यांसाठी काढलेल्या संशोधन संस्थेची, अटिराची, इमारत कानविंदे यांच्याकडे आली. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. पांढरी, लांबट, आडवी, सपाट छपराची, कुठं नक्षी नाही, घुमट नाही, छत्री नाही. आज फोटो पाहिला तर तुम्ही म्हणाल यात काय विशेष, अशा तर हजारो आहेत. अहो, हजारो नंतर झाल्या! तेव्हा दिल्ली-बंगळुरात काय चाललं होतं पाहा. बंगळुरात विधानसौध उभं राहत होतं, देवळाचे खांब आणि घुमट घेऊन. दिल्लीत अशोका हॉटेल झालं, मुघल जाळ्या लावून. स्वतंत्र देश झालो म्हणजे इमारतीला पागोटं बांधलं पाहिजे असं पुष्कळांना वाटत होतं. १९५९ मध्ये ललित कला अकादमीनं दिल्लीत वास्तुकलेवर एक परिसंवाद भरवला. त्याच्या आयोजनात आणि नंतर त्याचं पुस्तक सिद्ध करण्यात कानविंदे पुढं होते. उद्घाटनाला नेहरू आले होते. राष्ट्रीय शैली असावी का, सरकारनं ती ठरवावी का, असा वाद होता. नेहरूंनी चंदीगडचा दाखला दिला. ते आवडो न आवडो, डोक्याला चालना देतं, अशा अर्थाचं ते बोलले.

या वादात आम्ही कानविंद्यांच्या बाजूचे आहोत, हे लपवत नाही. पागोट्यानं इमारत भारतीय होत नाही. पण अटिराकडे आज पाहताना असंही वाटतं की पागोटं काढताना त्यांनी छज्जाही थोडा जास्तच कापला. ग्रोपिअसची विद्या बोस्टनच्या उन्हातली. अहमदाबादचं ऊन वेगळं. ते आपल्याला सांगायला नको, नरखेडच्या मे महिन्यात बसणाऱ्यांना.

१९५५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि शौकत राय यांच्याबरोबर दिल्लीत स्वतःची कचेरी काढली, कानविंदे अँड राय. आणि मग आलं कानपूर.

कानपूरच्या आयआयटीबद्दल थोडं सावकाश बोलू, कारण आमच्या मते कानविंदे ज्यासाठी लक्षात ठेवावेत ते काम हेच. संस्था स्थापन झाली १९५९ मध्ये. पहिले वर्ग भरले ते दुसऱ्या एका तंत्रसंस्थेच्या कँटीनच्या इमारतीत. अमेरिकेतली नऊ विद्यापीठं मदतीला होती. पहिले संचालक पुरुषोत्तम काशिनाथ केळकर. म्हणजे उत्तर प्रदेशात, अमेरिकेच्या मदतीनं, एक मराठी संचालक आणि एक मराठी वास्तुविशारद मिळून एक विद्यापीठ घडवताहेत. याची एखादी बखर मराठीत असायला हवी होती. नाही.

ग्रँड ट्रंक रोडच्या कडेला कल्याणपूरजवळ सुमारे हजार एकर सपाट जमीन. ऊन आपल्यासारखंच, पंचेचाळीसचं. आता बघा, असं काम आलं की मनुष्य काय करतो? मधोमध एक भव्य मुख्य इमारत, तिच्यासमोर गोल बाग, बागेत पुतळा, आणि भोवती खात्याखात्यांच्या स्वतंत्र इमारती, प्रत्येकीला स्वतःचं फाटक. आपली बहुतेक विद्यापीठं अशीच आहेत. रसायनशास्त्राचा प्राध्यापक तीस वर्षांत एकदाही तत्त्वज्ञानाच्या विभागात येत नाही, कारण मध्ये उन्हातलं अर्धा किलोमीटरचं डांबर असतं. (आम्हीही गेलो नाही, हे कबूल आहे, पण रसायनात आम्हाला काही विशेष गोडी नव्हती.)

कानविंदे यांनी उलट केलं. वाहनं बाहेरच्या रस्त्यावर ठेवली आणि शिकण्या-शिकवण्याचा सगळा भाग चालणाऱ्या माणसाला दिला. ग्रंथालय, व्याख्यानगृहं, प्रयोगशाळा, अध्यापकांच्या खोल्या एकमेकींना लांबच लांब, छपराखालच्या वाटांनी जोडल्या. या वाटा दोन पातळ्यांवर आहेत, खालून जमिनीवरून जाता येतं आणि वरून पहिल्या मजल्याच्या उंचीवरूनही. मध्ये चौक, हिरवळ, पाणी. इमारती अरुंद ठेवल्या, हवा आरपार जावी म्हणून. खांब आणि तुळया काँक्रीटच्या, उघड्या, गिलावा नाही; त्यांच्यामधलं भरण विटांचं, तेही उघडं. कुठं वजन पेललं जातंय आणि कुठं फक्त भिंत आहे, हे लांबूनही वाचता येतं. आम्ही तिथं गेलो ते मे महिन्यात, दुपारी दोनला, एका चर्चासत्राच्या निमित्तानं. ग्रंथालयापासून व्याख्यानगृहापर्यंत टोपी न घालता गेलो. वाटेत तीन जण उभं राहून वाद घालत होते, आणि त्यातले दोघं वेगवेगळ्या खात्यांचे निघाले. त्या वाटेची रुंदी एवढी आहे की तिघं उभे राहून बोलले तरी चौथा धक्का न देता जाऊ शकतो. ही रुंदी आपोआप येत नाही. कोणीतरी कागदावर ती आखलेली असते. आणि नुसत्या जा-येच्या हिशेबानं ती 'फुकट' असते, हेही खरं.

आता मर्ढेकरांच्या भाषेत बोलायचं तर इथं संवाद आहे खांबांच्या सारख्या अंतराचा, विरोध आहे राखाडी काँक्रीट आणि तांबड्या विटेचा, भरीव भिंत आणि मोकळ्या वाटेचा, आणि समतोल आहे तो लांबलचक आडव्या रेषांना मधूनच छेदणाऱ्या उभ्या घटकांमुळे. हे सगळं खरं आहे. पण एवढंच सांगून थांबलो तर कानपूरबद्दल आपण काहीच सांगितलं नाही असं होईल. कारण तो विरोध सावलीसाठी आहे, वाट पोचण्यासाठी आहे. प्रयोजन काढून घेतलं तर ती लय उरतच नाही, तिचा आधारच जातो. पाटणकरांची दोन टोकं इथं एकमेकांना येऊन भिडतात. लुई सलिव्हन या अमेरिकन वास्तुविशारदानं १८९६ मध्ये मांडलं होतं की रूप हे उपयोगाच्या मागून येतं. पुढं या वाक्याचा मंत्र झाला आणि मंत्राचं जे होतं तेच झालं, अर्थ कोणी विचारेना. उपयोग म्हणजे काय? कानपूरच्या वाटेचा उपयोग 'एका खोलीतून दुसरीत जाणे' एवढा धरला तर पाच फूट पुरेत. 'माणसं भेटणे' हाही उपयोग धरला तर दहा-बारा फूट लागतात. म्हणजे रूप उपयोगाच्या मागून येतं हे खरं मानलं, तरी उपयोग किती मोठा धरायचा हे आधी कोणीतरी ठरवलेलं असतं. आणि ते ठरवणं हा नीतीचा प्रश्न आहे, अभियांत्रिकीचा नाही.

याच्यापुढची कामं आम्ही भरभर सांगतो. १९६९ मध्ये जेम्स मिलर यांच्याबरोबर भारतातल्या विद्यापीठ-परिसरांच्या रचनेवर पुस्तक. बंगळुरूचं कृषी विद्यापीठ. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मेहसाण्याची दूधसागर डेअरी, जिच्या छपरावर गरम हवा बाहेर काढणारे उंच बुरुज एखाद्या गढीसारखे उभे आहेत. आम्हाला विचाराल तर कानपूरच्या खालोखाल हीच. दूध थंड करायच्या कारखान्याला एवढं रूप द्यावं असं वाटणं, आणि ते रूप वाफेच्या आणि उष्णतेच्या गरजेतूनच काढणं, हे सोपं नाही. १९७४ मध्ये पद्मश्री, १९८५ मध्ये वास्तुविशारदांच्या संस्थेचं बाबूराव म्हात्रे सुवर्णपदक. त्याच वर्षी मुंबईत वरळीला नेहरू विज्ञान केंद्र सुरू झालं, तेही त्यांचंच. तुमच्यातली शाळकरी मुलं नागपूरला रामन विज्ञान केंद्राच्या सहलीला जातात, ते याच मुंबईच्या केंद्राचं उपकेंद्र. दिल्लीचं राष्ट्रीय विज्ञान केंद्र १९९२ चं. आणि अखेरच्या पर्वात, १९९८ मध्ये, दिल्लीचं इस्कॉनचं मंदिर. ज्यानं शिखर-घुमट यांच्या नकलेविरुद्ध परिसंवाद भरवला त्यानंच शिखरांचं मंदिर बांधलं! त्यावर काही जण हसतात. आम्ही हसत नाही, पण ते काम आम्हाला त्यांचं उत्तम काम वाटत नाही. तिथं बॅटली जिंकले आहेत आणि ग्रोपिअस गप्प बसला आहे. कानविंदे मजेचे असतात ते दोघं भांडत असताना. २००२ च्या डिसेंबरात ते गेले. २०१७ मध्ये 'आकार' या नावानं त्यांच्या कामाचं मोठं पुस्तक निघालं, ते इंग्रजीत.

इथवर स्तुती झाली. आता जे खटकतं ते सांगायला हवं, नाहीतर हा सत्कार समारंभ होईल.

कानविंदे यांच्या इमारतींची यादी पुन्हा एकदा डोळ्यांपुढं आणा. प्रयोगशाळा, आयआयटी, कृषी विद्यापीठ, संशोधन संस्था, विज्ञान केंद्र. या सगळ्या 'सार्वजनिक' आहेत, म्हणजे जनतेच्या पैशानं झाल्या. पण त्यांच्या फाटकातून आत कोण जातं? निवडलेले लोक जातात. परीक्षा देऊन, मुलाखत देऊन, तिकीट काढून. कानपूरच्या त्या सुंदर सावलीच्या वाटेवर चालायला आधी देशातली अवघडातली अवघड परीक्षा पास व्हावं लागतं. कानविंदे ज्या 'वापरणाऱ्या माणसा'चा विचार करत तो शिकलेला, निरोगी, कामावर आलेला माणूस होता. त्याला ते उत्तम ओळखत. जो काम घेऊन येतो, ज्याला किती वेळ लागेल ते माहीत नाही, ज्याला वाचता येत नाही म्हणून पाटी कळत नाही, जो दिवसाची मजुरी बुडवून आलाय आणि बाहेर थांबलाय, तो माणूस त्यांच्या आराखड्यात फारसा येत नाही. हा दोष एकट्या त्यांचा नाही. त्यांच्या पिढीनं देश घडवायचा म्हणजे प्रयोगशाळा आणि धरणं, असं धरलं होतं, आणि त्यांना काम देणारेही तेच होते. पण टीकाकारानं हे न बोलून कसं चालेल?

इथं तो फिनलंडचा आल्टो परत येतो. १९३३ मध्ये त्यानं पाइमियो या ठिकाणी क्षयरोग्यांसाठी रुग्णालय पुरं केलं. त्यात त्यानं एक साधी गोष्ट धरली: रुग्ण उभा नसतो, पडलेला असतो. मग त्याला दिवसभर दिसतं काय? छत. म्हणून छताला डोळ्याला शांत वाटेल असा गडद रंग दिला. दिवा रुग्णाच्या नजरेबाहेर. हात धुण्याचं भांडं अशा कोनात की पाणी पडताना आवाज होऊ नये, कारण खोलीत दुसरा रुग्ण झोपलेला असतो. सर्वांत दुबळा वापरकर्ता कोण, तो शोधायचा आणि तिथून आराखडा सुरू करायचा. हाही उपयोगितावादच आहे, पण उपयोगाची व्याख्या बदललेली आहे.

आणि दुसरं उदाहरण तर खास आपल्या तालुक्यासाठी. सायनात्सालो नावाचं एक बेट आहे, लाकूड-कारखान्यातल्या कामगारांची वस्ती, लोकसंख्या तेव्हा तीन हजारांच्या आसपास. म्हणजे मोवाडपेक्षाही लहान. या गावाला पंचायतीची इमारत हवी होती. आल्टोनं १९५२ पर्यंत ती बांधून दिली. विटांची. पाया खणताना निघालेली माती मध्येच भरून एक मजलाभर उंचावर चौक केला, भोवती कचेऱ्या आणि गावाचं ग्रंथालय, वर सभागृह. खालच्या बाजूला दुकानं, जी पुढं गाव वाढलं तर कचेऱ्यांसाठी घेता येतील अशी. चौकात कोणालाही बसता येतं, काम असो नसो. पुढं १९९३ मध्ये ते गाव मोठ्या शहरात विलीन झालं, पंचायतच उरली नाही, पण जगभरचे वास्तुविशारद आजही ती इमारत पाहायला त्या बेटावर जातात. तीन हजार वस्तीचं गाव!

आपल्याकडे कानविंदे यांच्या तोलाच्या माणसाला कोणत्या तालुक्यानं कधी बोलावलं? तालुक्याला येतो तो टाइप प्लॅन. ठरलेला नकाशा, कोकणात तोच आणि विदर्भात तोच. त्यात खांबांच्या ओळी असतात, सपाट स्लॅब असतो, कुठंही नक्षी नसते. एका अर्थानं तो कानविंदे यांच्या पिढीचाच वारस आहे. फरक एवढाच की कानपूरला त्या खांबांच्या चौकटीमध्ये मुद्दाम मोकळ्या जागा सोडल्या होत्या, आणि खाली झिरपत येताना चौकट तेवढी आली, मोकळ्या जागा वाटेत गळून पडल्या. संत्र्याची फळगळ झाली की पंचनाम्यासाठी किती शेतकरी कचेरीपुढं येतात ते तुम्हाला ठाऊक आहे. एका तालुक्याच्या कचेरीत, नाव सांगत नाही, आम्ही स्वतः फेरफाराच्या कामासाठी दोन दिवस बसलो. बसलो म्हणजे समोरच्या चहाच्या टपरीच्या बाकावर बसलो. कचेरीत साहेबाला खोली होती, बाबूला टेबल होतं, कागदाला कपाट होतं. वाट पाहणाऱ्याला काही नव्हतं. आणि तालुक्याच्या कचेरीत सर्वांत जास्त चालणारं काम कोणतं? वाट पाहणं. ज्या कामासाठी इमारत सर्वांत जास्त वापरली जाते त्याच कामाला तिच्यात जागा नाही. ग्रोपिअसच्या कसोटीवरसुद्धा ती इमारत नापास आहे.

आपल्या जुन्या घरांत ही जागा होती. ओटा, मग छपरी, मग आत. धाब्याचं घर असो की कवेलूचं, आलेला माणूस कोण आहे त्याप्रमाणे तो कुठवर येणार ते ठरे. यात जातीची उतरंड होती, हे विसरायचं नाही. ओट्याच्या खाली कोण थांबत होतं हे या गावांना माहीत आहे. म्हणून 'जुनं ते सोनं' म्हणून छपरी परत आणा असं आम्ही म्हणत नाही. सावली घ्यायची आणि उतरंड टाकायची, हे जमवायला खरी बुद्धी लागते.

ते जमलेलं एक उदाहरण नागपुरातच आहे. दीक्षाभूमीचा स्तूप, वास्तुविशारद शेओ दान मल, लोकार्पण १८ डिसेंबर २००१ ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते. जुना स्तूप भरीव असतो, त्याला बाहेरून प्रदक्षिणा घालायची. हा पोकळ आहे. आत शिरता येतं, आणि एकाच छपराखाली हजारो माणसं मावतात. सांचीची आठवण बाहेरून ठेवली आणि आतला अर्थ पार बदलला. ज्यांना शतकानुशतकं आत येऊ दिलं नव्हतं त्यांच्यासाठी बांधलेल्या इमारतीत 'आत शिरता येणं' हाच सर्वांत मोठा उपयोग नव्हे का? तिची रेखीवता कानविंदे यांच्या इमारतींइतकी काटेकोर आहे असं आम्ही म्हणणार नाही. पण उपयोग कोणाचा, या प्रश्नाचं उत्तर तिच्यात स्पष्ट आहे.

मोवाडचा उल्लेख वर झाला. ३० जुलै १९९१ चा वर्धेचा पूर इथल्या किती घरांनी पाहिला आहे, त्याबद्दल आम्ही बाहेरून येऊन काही सांगणं बरं नाही. एवढंच म्हणतो की गाव नव्यानं वसवताना घरांचे प्लॉट एका महिन्यात आखता येतात. पाराचं झाड त्या नकाशावर दाखवलं तरी त्याखाली सावली यायला वीस वर्षं जातात, आणि त्या वीस वर्षांत लोकांनी बसायचं कुठं, हे कोणीतरी कागदावर आधी लिहून ठेवावं लागतं. कानविंदे असते तर त्यांनी हे नक्की ओळखलं असतं. त्यांना कोणी विचारलं नाही.

(यानंतर श्रोत्यांपैकी एकाने विचारले: "सर, आमच्यासारख्या गावात नवीन सरकारी इमारत होते तेव्हा आम्ही काय करायचं? नकाशा तर वरून येतो.")

नकाशा वरून येतो, पण बांधकाम सुरू व्हायच्या आधी तो इथं कोणाच्या तरी टेबलावर असतो. तो पाहायला मागा. माहितीच्या अधिकारात मागावा लागला तर तसा मागा. पाहताना तीन गोष्टी बघा. दुपारी तीनचं ऊन कोणत्या भिंतीवर येतं आणि त्या बाजूला रांग लागणार आहे का. पावसात छपराचं पाणी थांबलेल्या माणसाच्या अंगावर पडतं का. आणि दिवसभर थांबलेल्या बाईला स्वच्छतागृह आहे का, की ते फक्त कर्मचाऱ्यांच्या बाजूला आहे. आणि एक ध्यानात ठेवा, नुसता प्लॅन घेऊन येऊ नका, सेक्शन पण मागा. प्लॅन म्हणजे वरून पाहिलेली इमारत. सेक्शन म्हणजे सुरीनं उभी कापलेली. छज्जा किती पुढं आलाय ते प्लॅनमध्ये चटकन कळत नाही, सेक्शनमध्ये दिसतं. तिथं फूटपट्टी लावा. दोन फुटांपेक्षा कमी भरला तर त्याखाली माणूस उभा राहू शकत नाही, हे लिहून द्या, आणि पोच घ्या.